ऑक्टोबरमध्ये दोघांनीच शिडाची बोट घेऊन ग्रीसची आयोनियन बेटं: मार्ग, मुक्काम, तयारी

दर्याकिनारी
आम्ही नवरा-बायको इंग्लंडमध्ये असतो. दोघांकडे डे स्किपर आणि आयसीसी ही बोट चालवायची प्रमाणपत्रं आहेत. सोलंटमध्ये (इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळची सामुद्रधुनी) भाड्याच्या बोटी चालवल्या आहेत, भूमध्य समुद्रात ही पहिलीच खेप. १७ ऑक्टोबरपासून १० दिवस लेफकाडाहून ३४ फुटी बोट घ्यायचा विचार आहे. ऑगस्टच्या मानाने भाडं जवळजवळ निम्मं पडतंय आणि गर्दीही नसेल.
डोक्यातला मार्ग: लेफकाडा – पाक्सोस – कोर्फू – परत खाली इथाका – केफालोनिया – झाकिन्थोस – लेफकाडा.
हा मार्ग जमेल का? दक्षिणेचा वारा सुटला तर थांबायचं कुठे? धक्क्याला मागून बोट लावायला (मागचं टोक धक्क्याकडे, पुढे नांगर) दोन माणसं पुरतात का? बोट ताब्यात घेताना काय काय बघायचं? स्वयंपाक बोटीवरच करणार आहोत.

मतलई
आधी मार्गाचं बोलू. हा मार्ग जुलैत तीन आठवड्यांचा आहे. ऑक्टोबरच्या १० दिवसांत तो धरलात तर वेळापत्रकापायी एखाद्या दिवशी नको त्या हवेत बाहेर पडावं लागेल, आणि दोघांच्या बोटीवर तेच सगळ्यात धोक्याचं.

उन्हाळ्यात तिथे वाऱ्याचं गणित सोपं असतं. शाळेत शिकलेले खारे वारे आठवा. दुपारी जमीन तापते, वायव्येकडून 'मायस्त्रो' सुरू होतो, १५-२० नॉट्स (ताशी सागरी मैल) वाहतो आणि सूर्य मावळला की पडतो. तिथली बहुतेक प्रसिद्ध बंदरं या वायव्य वाऱ्यापासून आडोसा देणारी आहेत. ऑक्टोबरात जमीन पुरेशी तापत नाही, त्यामुळे मायस्त्रोचा भरवसा संपतो. दोन-तीन दिवस पाणी आरशासारखं, मग पश्चिमेकडून कमी दाबाचा पट्टा येतो. त्याच्या पुढे दक्षिण-आग्नेयेचा ओलसर, उबदार वारा वाढत जातो, मग विजा आणि पाऊस, आणि पट्टा डोक्यावरून सरकला की वारा काही मिनिटांत फिरून पश्चिम-वायव्येला जातो.

यातला शेवटचा टप्पा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दक्षिणेच्या वाऱ्यात उत्तरेला तोंड असलेली खाडी छान वाटते. रात्री २ वाजता वारा फिरला की त्याच खाडीत लाट थेट आत येते आणि कातळ बोटीच्या मागे असतो. म्हणून पट्टा ज्या रात्री ओलांडायचा असेल त्या रात्री चारही बाजूंनी बंद असलेली जागाच हवी. बाकीच्या रात्री एका बाजूचा आडोसा चालतो.

पाक्सोस आणि कोर्फू सोडा. लेफकाडाहून पाक्सोसचं गायोस बंदर ३२-३३ मैल, बहुतेक उघड्या समुद्रातून. जाताना दक्षिणेचा वारा पाठीवर घेऊन मजेत जाल, पण परत यायच्या दिवशी तोच वारा तोंडावर असेल तर सात-आठ तास आपटत यायचं. झाकिन्थोसही सोडा. लेफकाडा, मेगानिसी, इथाका, केफालोनियाचा ईशान्य कोपरा, कालामोस आणि कास्तोस एवढ्यातच फिरा. इथे दोन मुक्कामांमधलं अंतर ५ ते १५ मैल असतं. हवेची खिडकी तीन तासांची मिळाली तरी जागा बदलता येते.

नांगर_साखळी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. जागांचा तपशील देतो.

सिवोता (लेफकाडाच्या दक्षिणेला): वळण घेऊन आत जाणारी खाडी, समुद्र आत शिरत नाही. डोंगरावरून झोत येतात, पण लाट नाही. खानावळींचे स्वतःचे तरंगते धक्के आहेत.
इथाकाचं वाथी: भलंमोठं, जवळजवळ बंद, तळाला चिखल. दक्षिणेच्या वाऱ्यात उत्तम. वारा वायव्येला गेला की झोत मात्र थेट आत येतात, म्हणून साखळी आधीच जास्त सोडून ठेवा.
किओनी (इथाका): दिसायला सगळ्यात देखणं, पण पूर्व-आग्नेयेला उघडं. आग्नेयेचा अंदाज असेल तर तिथे रात्र काढू नका, दुपारचं जेवण करून निघा.
फिस्कार्दो (केफालोनिया): उत्तर-वायव्येत छान. आग्नेयेत उसळी आत येते आणि धक्क्याला लावलेल्या बोटी रात्रभर नाचतात.
मेगानिसीच्या उत्तरेच्या खाड्या (स्पार्तोखोरी, वाथी, आबेलिके): दक्षिणेत छान, उत्तर-वायव्येत नाही.
कास्तोस: बंदर पूर्वेच्या बाजूला आणि अगदी छोटं. शांत हवेतच जा.
व्लिखो (लेफकाडाच्या पूर्व किनाऱ्यावर, निद्री गावाच्या दक्षिणेला): तलावासारखी बंद खाडी, चिखलात नांगर घट्ट बसतो. पट्टा ओलांडायच्या रात्रीसाठी माझी पहिली पसंती.

पाचवी_झुळूक
व्लिखोला पहिली पसंती देण्याबद्दल माझा आक्षेप आहे. सप्टेंबर २०११ मध्ये गडगडाटी ढगातून कोसळलेल्या वाऱ्याने याच खाडीत बोटी आडव्या केल्या, कित्येक किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. खाडी लाटेपासून वाचवते, वरून कोसळणाऱ्या वाऱ्यापासून नाही. शिवाय हंगाम संपताना तिथे माणूस नसलेल्या बऱ्याच बोटी नांगरून ठेवलेल्या असतात. आपला नांगर धरून राहिला तरी वरच्या अंगाची रिकामी बोट घसरत येऊन आपल्या साखळीवर बसते.

नांगर_साखळी
आक्षेप मान्य, पण तसा वारा कुठेही कोसळू शकतो. व्लिखोत निदान मागे चिखल आणि मऊ किनारा आहे, कातळ नाही. रिकाम्या बोटींचा मुद्दा मात्र अगदी बरोबर. त्यासाठी उजेड असताना जा आणि ज्या दिशेने वारा येणार त्या बाजूला आपल्या पुढे कोणी नसेल अशी जागा घ्या. जोराच्या पट्ट्याचा इशारा असेल तर दोन्ही वाद बाजूला ठेवा आणि लेफकाडा मरीनात जा. एका रात्रीचं भाडं जाईल, पण झोप लागेल.

अंदाजात 'मेडिकेन' (भूमध्य समुद्रातलं चक्रीवादळासारखं वादळ) असा शब्द दिसला तर बोट मरीनात दुहेरी दोरांनी बांधून किनाऱ्यावर खोली घ्यायची. सप्टेंबर २०२० च्या इयानोसने केफालोनिया आणि इथाकाला झोडपलं होतं, ते याच जातीचं वादळ.

सुकाणू१२
दोन माणसांनी मागून धक्क्याला लावणं. जमतं, पण सगळी तयारी बंदराबाहेर करून आत शिरायचं. ऐनवेळी दोर शोधायला तिसरा माणूस नाही.

बाहेर थांबून: दोन्ही बाजूंना तीन-तीन फेंडर (बोट घासू नये म्हणून लटकवायच्या हवेच्या उश्या), सगळ्यात मोठा फेंडर मागे. मागचे दोन्ही दोर खुंटीला बांधून, कठड्याच्या बाहेरून फिरवून पुन्हा आत आणून, वेटोळं करून ठेवायचे. दोर कठड्याच्या आतून गेला तर धक्क्यावर फेकल्यावर कठडाच ओढला जातो. नवख्यांच्या हातून ही चूक हमखास होते. विंडलासचं (नांगराची साखळी ओढणाऱ्या मोटरचं) बटण चालू करून नांगर पाण्यापासून हातभर वर येईल इतका खाली सोडून ठेवा. अडकलेली साखळी इथेच कळते.

आत आल्यावर: धक्क्यापासून बोटीच्या चार लांब्या, म्हणजे ४० मीटरच्या आसपास, बोट मागे चालायला लागली की नांगर सोडा. थांबलेल्या बोटीवरून सोडला तर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो आणि तो धरत नाही. पुढच्या माणसाने साखळी बोटीच्या वेगाने सुटू द्यायची. रोखून धरली की बोटीचं तोंड वाऱ्याला वळतं. धक्का एक बोटलांबी राहिला की साखळी थांबवायची, बोटीला झटका बसून ती थबकली म्हणजे नांगराने धरलं. मग पुन्हा थोडी साखळी सोडत मागे. पुढच्या माणसाने शांतपणे मागे येऊन आधी वाऱ्याकडचा दोर किनाऱ्याला द्यायचा, मग दुसरा. शेवटी साखळी ताणून बोट धक्क्यापासून दीड-दोन मीटर दूर ठेवायची. फेरीची लाट आली तर सुकाणूचं पातं दगडावर आपटू नये, यासाठी.

ओरडून बोलू नका, इंजिनच्या आवाजात पुढच्याला काही ऐकू येत नाही. हाताच्या चार खुणा ठरवा: सोड, थांब, ओढ, पुन्हा बाहेर. 'पुन्हा बाहेर' ही खूण दोघांपैकी कोणीही केली तरी दुसऱ्याने ती न विचारता मानायची.

आणि हो, ऑक्टोबरात धक्के अर्धे रिकामे असतात. उसळी नसेल आणि जागा असेल तर सरळ बाजूने लावा. नांगर टाकायचीच गरज नाही, निघणंही सोपं. फक्त वारा बोटीला धक्क्यावर दाबणारा नको.

दर्याकिनारी
खूपच उपयोगी. मोकळ्या खाडीत नांगरताना साखळी किती सोडायची? सोलंटमध्ये आम्ही चारपट धरतो.

नांगर_साखळी
पाण्याची खोली अधिक बोटीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, ही बेरीज धरा. ६ मीटर पाणी, १ मीटर टोक, म्हणजे ७. शांत रात्री पाचपट, ३५ मीटर. हवा बिघडणार असेल तर सातपट, जवळजवळ ५० मीटर. या आकाराच्या भाड्याच्या बोटीवर बहुतेक ५० मीटरच साखळी असते, म्हणजे ६ मीटरपेक्षा खोल पाण्यात जोराच्या वाऱ्यासाठी नांगरूच नका. साखळीच्या आतल्या टोकाला दोर आहे का आणि तो पेटीत बांधलेला आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा.

तळ बघून टाका. गडद हिरवे-काळे ठिपके म्हणजे पोसिडोनियाचं गवत. नांगर त्यावर नुसता घसरतो, शिवाय ते गवत उपटलं की परत यायला फार वर्षं लागतात. फिकट, पांढुरका ठिपका शोधा, ती वाळू.

टाकल्यावर इंजिन मागे घेऊन हळूहळू २००० आरपीएमपर्यंत न्या आणि पुढच्याने पाण्यावरच्या साखळीवर तळहात ठेवावा. नांगर बसला असेल तर साखळी ताठ होते आणि हाताला नुसता ताण लागतो. घसरत असेल तर गाडीचं चाक खडीवरून जावं तशी खरखर हाताला जाणवते, मग क्षणभर ढिली, मग पुन्हा खरखर. ही खरखर लागली तर 'बसेल थोड्या वेळाने' म्हणून जेवायला बसू नका. उचला आणि पुन्हा टाका.

विंडलास वापरताना इंजिन १५०० आरपीएमवर चालू हवं. ती मोटर १००० वॅटची, १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त ओढते. नुसत्या बॅटरीवर चालवली की व्होल्टेज पडतं आणि ब्रेकर उडतो. तो ब्रेकर कुठे आहे ते हस्तांतराच्या वेळीच विचारून घ्या, बऱ्याचदा झोपायच्या खोलीतल्या गादीखाली निघतो. विंडलासने बोट ओढायची नाही. इंजिनाने पुढे जायचं, विंडलासने फक्त ढिली साखळी गोळा करायची.

मांडवी
बोट ताब्यात घेताना. ऑक्टोबरातली भाड्याची बोट म्हणजे सहा महिने दर आठवड्याला वेगळ्या हातांत गेलेली बोट. मोसमाच्या सुरुवातीला जे बघाल त्याहून वेगळं बघावं लागतं.

पहिलं, गळती. उन्हाळाभर पाऊस नसतो, त्यामुळे डेकवरच्या झडपांची रबरं सुकलेली कोणाच्या लक्षातच येत नाहीत. पाण्याचा पाईप घेऊन प्रत्येक झडपेवर आणि खिडकीवर दोन-दोन मिनिटं धार धरा, दुसऱ्याने आतून टिश्यू पेपर कडेने फिरवावा. ओला झाला तर तिथेच दुरुस्त करून मागा. ओली गादी या हवेत वाळत नाही.
पुढचं शीड पूर्ण उलगडून कडेच्या रंगीत पट्टीची शिवण बघा. उन्हाने दोरा कुजतो, पट्टी सुटते आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात शीड तिथून फाटतं.
मोठ्या शिडाचे दोन्ही रीफचे (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायचे) दोर ओवलेले आहेत का? उन्हाळ्यात दुसरा रीफ कोणी घेत नाही, दोर काढून ठेवलेला सापडतो. तुम्हाला तो लागेल.
इंजिनाची समुद्रपाण्याची गाळणी उघडून बघा, सुटा इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) आणि इंजिनाचा पट्टा बोटीवर आहे का विचारा. पहिल्या वादळानंतर पोसिडोनियाची सुकी पानं पाण्यावर तरंगतात आणि गाळणी तुंबते. धुराड्यातून पाणी कमी पडलं की इंजिन बंद, गाळणी साफ. रोज सकाळी बघायची सवयच ठेवा.
किनाऱ्याला बांधायला तरंगणारे ४०-५० मीटरचे दोन दोर मागून घ्या. मेगानिसीच्या खाड्यांत लागतात.
बोटीवर हीटर बहुधा नसतो. मरीनात वीज जोडल्यावर चालणारा छोटा पंख्याचा हीटर मागा, देतात.

कागदपत्रं: ग्रीसमध्ये स्किपरचं प्रमाणपत्र लागतंच, शिवाय दुसऱ्या माणसाला बोट चालवता येते असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. दोघांकडे प्रमाणपत्र असल्याने तुम्हाला अडचण नाही. तरी प्रती आधी पाठवून लेखी होकार घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाच्या तारखा दोन-तीन दिवस पुढे ठेवून मागा, हवेमुळे परतणं लांबू शकतं.
प्रेवेझाची (लेफकाडाजवळचा विमानतळ) थेट विमानं ऑक्टोबरात कमी होत जातात. नाही मिळाली तर अथेन्सहून बसने लेफकाडा, पाच-साडेपाच तास.

पाचवी_झुळूक
एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. दोघांपैकी एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो. चौघांच्या बोटीवर एक जण नुसता बोट दाखवत उभा राहतो, तुमच्याकडे तो नाही. म्हणून पडायचंच नाही, हा पहिला नियम. कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं तर सुरक्षेचा पट्टा अडकवून, अंधारात आणि रीफच्या हवेत कॉकपिटमध्येसुद्धा.

तरी पडलाच तर: लगेच बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडच्या बाजूला वळवा, पुढच्या शिडाचा दोर सोडू नका. ते शीड उलट्या बाजूने भरून बोट जागच्या जागी थबकते. तरंगणारी वर्तुळाकार कडी फेका. प्लॉटरवरचं (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावरचं) 'माणूस पाण्यात' बटण दाबा. व्हीएचएफ रेडिओचं लाल बटण पाच सेकंद दाबून धरा, मग चॅनेल १६ वर बोला. फोनवरून ग्रीक तटरक्षक दल १०८. मग इंजिन चालू करण्याआधी पाण्यात लोंबणारे सगळे दोर वर घ्या, पंख्यात दोर गेला की सगळं संपलं. माणसाजवळ आलं की गिअर न्यूट्रल.

खरी अडचण वर काढण्याची. ओल्या कपड्यांतलं ८० किलोचं माणूस हाताने ओढून वर येत नाही, मागची शिडी लाटेत वर-खाली आपटते. मोठं शीड वर ओढायचा दोर जॅकेटच्या कडीत अडकवून विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) फिरवायचा. हा दोर तिथवर पोचतो का, विंचचा दांडा कुठे असतो आणि तुमच्या दोघांतल्या कमी ताकदीच्या माणसाला तो फिरवता येतो का, हे पहिल्या दिवशी मरीनात बांधलेल्या बोटीवर करून बघा. पाण्यात उतरायची गरज नाही, डेकवर जॅकेट घालून बसलेल्या माणसाला हातभर उचललं तरी पुरे. आधी हलक्याने जड माणसाला उचलायचं.

सुकाणू१२
रीफबद्दल: तोंडावरच्या वाऱ्यात १५ नॉट्स दिसले की पहिला, २० ला दुसरा. दोघांच्या बोटीवर हे आकडे वाट न बघता पाळा. विजेचा ढग काळा होऊन खालून पांढरा पडदा सरकताना दिसला तर रीफ नाही, दोन्ही शिडं पूर्ण खाली, इंजिन चालू, जॅकेट आणि पट्टा, किनाऱ्यापासून दूर.

डिझेल: साधारण ७५ मैल, त्यातले दोन तृतीयांश इंजिनवर धरा. साडेपाच नॉट्सने नऊ-दहा तास, तासाला ३ लिटर, म्हणजे ३० लिटर. टाकी १३० लिटरची असते, वाटेत भरावं लागणार नाही. पाणी मात्र मिळेल तिथे भरा, गावांतले नळ मोसम संपला की बंद होतात. खानावळींच्या धक्क्यांवरचे तयार दोरही तोवर काढलेले असू शकतात, त्या भरवशावर अंधारात जाऊ नका.

कालामोस आणि मुख्य भूमीच्या मध्ये मासेपालनाचे पिंजरे आहेत, सगळ्यांवर दिवे असतीलच असं नाही. संध्याकाळी ४ पर्यंत मुक्कामावर पोचायचं ठरवा.

मतलई
स्वयंपाकाचं थोडक्यात. झुलत्या शेगडीवर प्रेशर कुकर सगळ्यात सुरक्षित भांडं, झाकण बंद असल्याने कलंडला तरी सांडत नाही. तीन लिटरचा, उंच बांध्याचा न्या. खिचडी, वरण-भात, उकडलेले बटाटे यावर दहा दिवस निघतात. फोडणी चालत्या बोटीवर करायची नाही. उकळत्या तेलाने भाजणं आणि दवाखाना दोन बेटं पलीकडे. सकाळी बंदरात फोडणी करून डब्यात ठेवा. तूरडाळ, पोहे, हिंग, गोडा मसाला घरून न्या. भाज्या, दही, लिंबं लेफकाडात घ्या, लहान बेटांवरची दुकानं ऑक्टोबरात लवकर बंद होतात.

दर्याकिनारी
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्ग बदलला:
१७ लेफकाडा मरीना (तपासणी, विंचचा सराव), १८ मेगानिसी, १९ सिवोता, २० फिस्कार्दो, २१ किओनी नाहीतर थेट इथाकाचं वाथी, २२ तेच वाथी, २३ कास्तोस नाहीतर कालामोस, २४ मेगानिसी, २५ मोकळा, २६ ला दुपारपर्यंत लेफकाडा, २७ ला बोट परत. पट्टा आला तर सिवोता, इथाकाचं वाथी किंवा मरीना.

नांगर_साखळी
एकच बदल सुचवतो. मोकळे दिवस शेवटी ठेवू नका. एक २० च्या आसपास धरा, नाहीतर फिस्कार्दोला जायची हवा नसताना 'आज जायचंच आहे' असं होतं. लेफकाडाचा तरंगता पूल मरीनाच्या उत्तरेला आहे, पाक्सोस सोडल्यामुळे त्याच्या वेळा पाळायची गरज उरली नाही. मरीनापासून दक्षिणेला जाणाऱ्या कालव्यात मात्र बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) मधूनच जा, कडेला चिखल वर आलेला आहे.

मतलई
यंदा २५ ऑक्टोबरला रविवार आहे, त्या पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. २४ ला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळेल, २५ ला पावणेसहाच्या. फोन आपोआप बदलेल, बोटीवरचा प्लॉटर कदाचित नाही. आणि रेडिओवरच्या हवामान अंदाजाच्या वेळा यूटीसीत (ग्रिनिच वेळेनुसार) असतात: २४ पर्यंत त्यात तीन तास मिळवा, २५ पासून दोन.